रांगेची शेपटी

आमच्या चालण्याच्या मंडळात पुढे चालणं हा मान नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाहेरच्यांना ते पटत नाही. मंडळाचा नियम असा, की सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी त्याच्या पावलाला पाऊल जुळवायचं. त्यामुळे कुणी दमून मागे पडत नाही आणि पळणाऱ्यांचा तोरा आपोआप उतरतो. नवा सभासद पहिल्या दिवशी उत्साहाने पुढे जाऊन उभा राहिला की आम्ही सगळे काळजीने त्याच्या तब्येतीची चौकशी करतो.

दुसरा नियम शेपटीचा. रांगेतला शेवटचा माणूस म्हणजे शेपटी. त्याच्या पाठपिशवीला लाल फडकं बांधलेलं आणि गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. शेपटीच्या मागे कुणीही राहायचं नाही. कुणी नाडी बांधायला खाली बसला, कुणी झाडामागे गेला, तर तो येईपर्यंत शेपटी जागची हलत नाही. हे काम नीट करणारा माणूस मिळणं अवघड, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही आणि थांबावं मात्र खूप लागतं.

गेली अकरा वर्षं आमची शेपटी एकच होती. एकतीस वर्षं शहर बससेवेत कंडक्टर म्हणून काढलेली बाई. मंडळात तिला सगळे 'डबल बेल' म्हणत, तोंडावर 'बाई'. उंची बेताची, आवाज खणखणीत, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. एकतीस वर्षं चामड्याची पिशवी त्या खांद्यावर होती, ती उतरली तरी खांदा काही वर आला नाही. बाईंना डोकी मोजायला बोट लागत नसे. नजर एकदा रांगेवरून फिरली की आकडा तयार. बस सुटताना मागच्या दाराशी कोण लटकलंय, कुणाची छत्री राहिली, कोण तिकीट चुकवायला झोपेचं सोंग घेतंय, हे सगळं ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर त्या आमच्यावर ठेवत. सापडलेल्या वस्तूंचे किस्से त्यांच्याकडे ढिगाने होते. एकदा कवळी सापडली होती, आणि तिच्यावर तीन जणांनी हक्क सांगितला होता.

माझं औषधांचं दुकान आहे. मंडळात मी कायम शेवटून दुसरा, म्हणजे बाईंच्या अगदी पुढे. मी हळू चालतो असं नाही, मी रेंगाळतो. हळू चालणं वेगळं आणि रेंगाळणं वेगळं, हे मी अकरा वर्षं सगळ्यांना समजावून सांगत आलो होतो. वजनाचा विषय कुणी काढला की मी पक्षी बघायला लागतो. बाईंना मी आवडायचो का, माहीत नाही. पण पाठीमागून त्या मला सांभाळून न्यायच्या आणि मी पुढून त्यांना दुनियेची कुरकुर ऐकवायचो, असं आमचं छान चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. धावत्या बसमध्ये दांडी न धरता उभं राहायची सवय, त्याची ही किंमत. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, दोन खोल्या, लिफ्ट नाही. दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी सोबत असते. ऑपरेशननंतर मुलीने आईची खाट खिडकीशी सरकवली, उशाशी घंटी ठेवली आणि सांगितलं, "काही लागलं की वाजव." बाईंनी ती घंटी तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकली. पाचव्या आठवड्यापासून त्या जिना उतरायला लागल्या. बासष्ट पायऱ्या. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, मग चारदा. मी औषधं द्यायला गेलो की त्या हमखास जिन्यातच भेटायच्या, एका हातात कठडा, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

"बाई, दुखत असेल तर गोळी घ्या," मी म्हणायचो.

"गोळी घेतली तर किती दुखतंय ते कळणार कसं?" त्या म्हणायच्या. वेदनाशामक गोळ्यांची आख्खी पट्टी त्यांनी मला परत केली. माझ्या धंद्यात असं गिऱ्हाईक नशिबाला येऊ नये.

हे सगळं नदीच्या वाटेसाठी चाललं होतं. वर्षातून एकदा आमचं मंडळ नदीकाठाने सोळा किलोमीटर चालतं. सकाळी आठला जुन्या पंपघरापासून निघायचं, दुपारी चारच्या सुमाराला दगडांवरून नदी ओलांडायची, पलीकडे चढून बसथांब्यावर जायचं. वरच्या अंगाला धरण आहे. तिथून रोज साडेचारला पाणी सोडतात आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी, सव्वाचारला, भोंगा होतो. पाणी आलं की ते दगड बुडतात. म्हणून भोंग्याच्या आत सगळी रांग पलीकडे, हे पक्कं.

या वर्षीची नदीची वाट रविवारी होती. त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी मी गुडघ्याला बांधायचं नवं क्रेप बँडेज घेऊन बाईंकडे गेलो, तर तिथे आमचे साहेब बसलेले. साहेब म्हणजे मंडळाचे म्होरके. आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात होते, त्यामुळे बोलतातही आखूनरेखून. हातात चहाचा कप, समोर बाई ताठ बसलेल्या, आणि मुलगी दारात उभी.

"बाई, या वर्षी तुम्ही पुढे राहा," साहेब म्हणाले. "नियमच आहे. यात कमीपणा काही नाही."

"कमीपणा नाही तर तुम्ही राहा."

"आई, ते तुझ्या भल्याचंच सांगतायत," मुलगी म्हणाली. "पुढे असलीस तर सगळ्यांचं तुझ्याकडे लक्ष राहील."

"तेच नकोय मला," बाई म्हणाल्या. "आठ महिने झाले, जो तो माझ्याकडे लक्ष ठेवून आहे. संडासला गेले तरी बाहेरून हाक मारतेस, आई ठीक आहेस ना. मला लक्ष ठेवून घ्यायचं नाही गं. मला लक्ष ठेवता येतं. तेवढं एक काम मला येतं, ते काढून घेऊ नका."

मुलीने मान खाली घातली. मी बँडेजच्या खोक्यावरची किंमत वाचत बसलो.

साहेब शेवटी म्हणाले, "ठीक आहे. एक करू. रविवारी शेपटी तुम्ही. भोंगा व्हायच्या आत तुम्ही पलीकडच्या काठावर असलात, तर शेपटी कायमची तुमची. नसलात, तर पुढच्या वेळेपासून पुढे चालायचं, एक शब्द न बोलता. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. "आणि मला वेळेत पोचवायला कुणी घाई करायची नाही, कुणी हात द्यायचा नाही."

आता माझ्या नालायकपणाबद्दल. साहेब आणि मी बरोबरच जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "त्यांच्याच्याने नाही व्हायचं हो. पुढच्या वर्षी शेपटी तुम्ही घ्याल ना? मागच्या टोकाला तुम्हीच असता." मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, एकदा नाही म्हणायचीही पद्धत असते, तेवढीसुद्धा पाळली नाही. लाल फडकं माझ्या पिशवीवर कसं दिसेल हा विचार मी पुढच्या तीस पायऱ्या करत होतो.

रविवारी सकाळी आम्ही पंधरा जण जमलो. साहेबांनी या खास दिवसासाठी नवे बूट काढले होते. नवे म्हणजे दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेले, महागडे, आणि चांगले म्हणून खोक्यात घालून कपाटावर जपून ठेवलेले. आज पहिल्यांदा पायात. त्यांनी ते सगळ्यांना दाखवले, आम्ही सगळ्यांनी ते दाबून पाहिले आणि कौतुक केलं. पुढे चालायला हळू असं कुणी नव्हतं म्हणून साहेब स्वतः पुढे राहिले. बाईंनी लाल फडक्याची गाठ ओढून पाहिली, रांगेवर नजर फिरवली आणि दोन शिट्ट्या दिल्या.

सकाळ छान गेली. वाट काठाकाठाने, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला झुडपं. बाई ठरावीक लयीत चालत होत्या. चांगला पाय, दुखरा पाय, काठी. मी मागे वळून बघायचो नाही, कारण बघितलं की "पुढे बघा" असं ऐकावं लागायचं. पण आवाजावरून मला कळत होतं, की लय बिघडलेली नाही. बारा वाजता आम्ही झाडाखाली जेवलो. बाईंनी पाव आणि उकडलेली अंडी उभ्यानेच खाल्ली. बसलं की गुडघा धरतो, म्हणून बसायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

जेवणानंतर मात्र रांग रडतखडत चालायला लागली. दहा पावलं टाकली की थांबा, पुन्हा दहा पावलं. एक वाजला, दीड वाजला. माझ्या पुढे चालणारी ग्रंथपाल वैतागून म्हणाली, "विचारा तरी, काय झालंय?" बाईंनी निरोप दिला, तो तोंडोतोंडी पुढे गेला. एवढं हळू का? थोड्या वेळाने उत्तर तसंच तोंडोतोंडी मागे आलं. साहेब म्हणतायत, मागच्यांना त्रास होऊ नये म्हणून हळू.

मागच्यांना म्हणजे कुणाला, हे सांगायला नको होतं. पुढच्या दोघातिघांनी वळून बाईंच्या गुडघ्याकडे बघितलंसुद्धा. एकाने तर मान हलवून 'असू दे, असू दे' असा चेहरा केला. मी वळलो तर बाईंचा चेहरा लालबुंद.

"माझ्यामुळे?" त्या म्हणाल्या. "मी एकदा तरी थांबले का सकाळपासून?"

"नाही."

"मग हे काय आहे?" त्यांनी खिशातून मूठ काढून उघडली. तळहातावर काळ्या रबराचे पाचसहा तुकडे होते, काही बोटाएवढे, काही चुऱ्यासारखे. "जेवणाच्या जागेपासून वाटेवर सापडतायत. मला वाटलं कुणाच्या काठीचं टोपण असेल. टोपण नाही हे. हा बुटाचा सोल आहे."

मला क्षणात उलगडा झाला. न वापरता वर्षानुवर्षं ठेवलेल्या बुटाचा सोल आतल्या आत कुजतो आणि चालायला लागलं की बिस्किटासारखा चुरा होतो. दुकानात पडून राहिलेल्या शेकायच्या रबरी पिशव्यांचंही तसंच होतं. साहेब पुढे दोन्ही पायांचे सोल सांडत चालले होते, आणि मंडळाच्या म्होरक्याचे बूट फुटले हे सांगायची लाज वाटून खापर बाईंच्या गुडघ्यावर फोडत होते. सगळ्यात हळू माणूस नियमाप्रमाणे पुढेच होता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती.

"शिट्टी मारा," मी म्हणालो. "रांग थांबवा."

"शिट्टी मारली तर सगळे इकडे धावत येतील, मी पडले म्हणून. आणि साहेब तिथेच उभे राहतील, पाय गवतात लपवून." त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वादोन. "या चालीने आपण पाचलाही पोचत नाही. मग काय, सगळे म्हणणार बाईंनी उशीर केला."

मला त्यांची अडचण दिसत होती. शेपटीने जागा सोडायची नाही. अकरा वर्षांत त्यांनी ती एकदाही सोडली नव्हती, आणि आज त्याच जागेसाठी त्या चालत होत्या. सोडली नाही तर वेळ हातची जाणार होती. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, लाल फडक्याची गाठ सोडली आणि ते माझ्या पिशवीला बांधलं. शिट्टी माझ्या गळ्यात घातली.

"मी येईपर्यंत तुम्ही शेपटी. तुमच्या पुढे चौदा. मोजत राहा."

आणि पिशवी पाठीवर टाकून त्या निघाल्या. "जाऊ द्या, वाट द्या, एका अंगाला व्हा," असं म्हणत एकेकाला ओलांडून पुढे गेल्या. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने त्या आमच्या सगळ्यांच्या दुप्पट वेगाने चालत होत्या. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले.

मी मागे एकटा. अकरा वर्षं मी शेवटून दुसरा होतो आणि मला वाटायचं, शेवटचं म्हणजे अजून एक पाऊल मागे, त्यात काय मोठं? पण पाठीमागे कुणीच नसणं ही निराळीच गोष्ट आहे. झुडपात सळसळ झाली की मी दचकून वळायचो. वळलो की पुढचा मोजायचा राहून जायचा. दहा, अकरा, बारा, आणि तेरावा कुठे गेला? वळणाआड होता. मला खरंच भीती वाटली. माझ्यामुळे कुणी मागे राहिलं तर, या विचाराने माझ्या हातापायांना घाम फुटला. जिन्यात ज्या फडक्याची मी स्वप्नं बघितली, ते आता माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

पुढे काय झालं ते मला नंतर त्या ग्रंथपालकडून कळलं. बाई साहेबांपर्यंत पोचल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "दोन मिनिटं पाणी प्या सगळे." मग साहेबांना बाजूच्या दगडावर बसवलं. साहेब म्हणाले, "काही नाही, जरा खडा गेलाय." बाईंनी मूठ उघडून रबराचे तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले.

"साहेब, गाडी बंद पडली तर प्रवाशांना तसं सांगतात. प्रवासी जाड आहेत म्हणून गाडी चालत नाही असं नाही सांगत."

बाईंनी तिथेच पँटचा पाय वर करून गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडलं. मीच विकलेलं, नवंकोरं. साहेबांच्या चाकूने त्याचे दोन भाग केले आणि दोन्ही बूट तळापासून घोट्यापर्यंत आवळून बांधले. "आता चाला," म्हणाल्या. "नेहमीच्या चालीने." साहेबांनी "तुमच्या गुडघ्याचं काय" असं विचारलं. तोवर त्या काठी घेऊन उठल्याही होत्या.

त्या वाटेच्या कडेला उभ्या राहिल्या आणि रांग त्यांच्यासमोरून पुढे जाऊ लागली, भराभरा, सकाळच्या चालीने. शेवटी मी आलो.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला धरून चौदा," मी म्हणालो. एवढा सुटल्याचा आनंद मला शेवटच्या परीक्षेनंतरही झाला नव्हता.

त्यांनी फडकं आणि शिट्टी परत घेतली. पण आता त्यांच्या चालीचा आवाज बदलला होता. दुखऱ्या पायाचं पाऊल घासत होतं. मी खिशातून गोळी काढली. "खिशातच ठेवा," त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर मला राहवेना. मी पुढे बघतच बोलून टाकलं.

"बाई, बुधवारी साहेबांनी मला विचारलं होतं. पुढच्या वर्षी शेपटी घ्याल का म्हणून. मी हो म्हणालो."

"ठाऊक आहे. आमच्या जिन्यात बोललेलं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं."

"मग तुम्ही ते फडकं माझ्याच पिशवीला का बांधलंत?"

"शेजारी तुम्हीच होतात," त्या म्हणाल्या. "आणि म्हटलं, बघू दे यालाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा तासभर मी कुरकुर केली नाही.

चारला पाच कमी असताना आम्ही दगडांपाशी पोचलो. नदीच्या पात्रात ओळीने पंचवीस दगड, मध्ये पावलाएवढं अंतर आणि खालून वाहतं पाणी. पहिले साहेब गेले, बँडेज बांधलेल्या बुटांनी, कधी कमरेत वाकून तर कधी चार पायांवर. त्यांनी बराच वेळ खाल्ला. मग एकेक जण. चार वाजून नऊ मिनिटांनी मी पहिल्या दगडावर पाय ठेवला, माझ्या मागे बाई.

आठ दगड ठीक गेले. नवव्यावर मी खाली बघितलं. पाणी वाहत होतं आणि मला वाटलं दगडच वाहतोय. पाय जागच्या जागी थिजले. पुढचा दगड दिसत होता, पण पाय उचलेना. पलीकडून सगळे ओरडायला लागले. या, या, काही नाही, हात पसरा, खाली बघू नका. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. मी डोळे मिटले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. भोंगा कुठल्याही क्षणी झाला असता, आणि बाईंना माझ्या बाजूने पुढे जायला जागाच नव्हती. मी तिथे उभा राहून त्यांची वेळ खात होतो. मला ते कळत होतं, आणि तरी पाय हलत नव्हते.

बाईंनी मला ढकललं नाही. हात लावला नाही. अगदी रोजच्या आवाजात, कामावर असल्यासारख्या त्या म्हणाल्या,

"पुढे सरका. पुढे जागा आहे."

हे वाक्य ऐकून आयुष्यात किती वेळा मी मुकाट्याने पुढे सरकलो असेन. आताही सरकलो. डोकं विचार करायच्या आत पाय पुढच्या दगडावर होता.

"सरकत राहा. मध्ये थांबू नका. पुढे सगळं रिकामं आहे."

दहावा, अकरावा, पंधरावा. मागे त्यांची काठी आणि घासणारं पाऊल. विसावा, पंचविसावा. मी पलीकडच्या चिखलात उडी मारली आणि वळलो. बाई तीन दगड मागे होत्या. उजवा पाय उचलताना त्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता. त्याच वेळी वरच्या अंगाने भोंगा झाला. लांब, घोगरा, सगळ्या खोऱ्यात घुमणारा.

बाई थांबल्या नाहीत. उरलेले तीन दगड त्याच लयीत ओलांडून काठावर आल्या. सगळ्यांवरून नजर फिरवली, पंधरा भरल्याची खात्री केली. मग त्यांनी पिशवीचं लाल फडकं सोडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"भोंगा झाला तेव्हा मी पाण्यात होते," त्या म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं. घ्या."

त्यांचा आवाज कापला नाही, पण डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. इतके महिने चारचार वेळा उतरलेल्या त्या बासष्ट पायऱ्या, आणि तीन दगड कमी पडले. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मी नाही घेणार," मी म्हणालो. "उशीर माझ्यामुळे झाला. सगळ्यांनी बघितलंय. आणि मला ते जमत नाही. पाऊण तास होतं माझ्याकडे, तर मला घाबरून घाम फुटला. बाईंच्या मागे चालायची माझी लायकी नाही."

"लायकीचा प्रश्न नाही," बाई चिडून म्हणाल्या. "शब्द दिला होता मी. दया नकोय मला."

साहेब पुढे आले. पायांतल्या बँडेजवर चिखल, एका बुटाचा उरलेला सोलही बाहेर लोंबत होता.

"दया करण्याच्या परिस्थितीत मी आहे का, बाई?" ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुपारी रांग माझ्या बुटांमुळे रखडली. बाईंमुळे नाही. मी खोटा निरोप पाठवला. ते माझं चुकलं." एवढं बोलायला त्यांना पहिल्या दगडापेक्षा जास्त कष्ट पडले. "आणि बुधवारची अट मी घातली, तीच चुकीची होती. शेपटी घड्याळाने ठरत नाही. मंडळाचा नियम एवढाच आहे, की जो रांगेला थांबवतो तो पुढे. आज रांगेला कुणी थांबवलं? जेवणानंतर मी. नदीत हे औषधवाले. तेव्हा पुढच्या वेळी पुढे आम्ही दोघे. बाईंनी स्वतःसाठी रांगेला कुठे थांबवलं असेल तर सांगा कुणीतरी."

बाईंनी चौदा चेहरे एकेक करून पाहिले, तिकीट नसलेला शोधावा तसे. कुणाच्याही चेहऱ्यावर कीव सापडली नाही, कारण ती नव्हतीच. मग त्यांनी फडकं माझ्यापुढून मागे घेतलं, पिशवीला बांधलं आणि गाठ दोनदा ओढली.

"मग उभे काय राहिलात?" त्या मला म्हणाल्या, आणि डोळे आता कुठे मनगटाने पुसले. "पुढचे ना तुम्ही? व्हा पुढे."

बसथांब्यापर्यंत दोन किलोमीटरचा चढ होता. मी आणि साहेब पुढे. साहेब लंगडत होते, मी धापा टाकत होतो, आणि तेरा जण निमूटपणे आमच्या पावलाला पाऊल जुळवून येत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी वाट होती आणि मला कबूल करावं लागलं, की मी हळू चालतो. मागचे सगळे येतायत ना, हे मी एकदाही वळून बघितलं नाही. मागे बाई होत्या.